भोंग्यावरचे सहा आकडे

३ जुलै, गुरुवार

मारोती कमकुवत! मशीन म्हणते!

आज लेकीला, सलोनीला घेऊन पंचायतीत गेले. तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाचं खातं उघडायचं होतं. मुकुटबनचा सेंटरवाला एका फारमाचे दोनशे सांगतो आणि वर 'उद्या या'. एसटीचं तिकीट वेगळं. आपल्या पंचायतीत फुकट. संगणक आहे, तारेचं नेट आहे, आणि ते चालवणारा धर्मपाल आहे. पोरगा गुणी, फक्त खुर्चीवर फार रेलतो.

म्हणाला, "काकू, आता पासवर्ड सांगा. कोणाले आयकू येऊ देऊ नका." खोलीत सात माणसं. सगळी गप्प बसली, नीट ऐकू यावं म्हणून. मी हळूच सांगितलं— मारोती.

लाल अक्षरं आली. "काकू, कमकुवत म्हणते."

कोण कमकुवत? ज्याने डोंगर उचलला तो?

"तसं नाई, काकू. एक अक्षर मोठं पायजे, एखादा आकडा पायजे, एक चिन्ह पायजे."

देवाचं अक्षर मोठं पाहिजे, हे पटलं. आकडा अकरा दिला, शनिवारच्या अकरा प्रदक्षिणांचा. चिन्ह म्हणून त्याने ते गोल शेपटीवालं टाकलं. शेपटी शोभली. तेव्हा कुठे मशीन म्हणाली— मजबूत.

मग म्हणे खूण करा, 'मी यंत्र नाही'. केली. तरी विश्वास नाही! नऊ चित्रं दाखवली, यातले रस्त्यावरचे सिग्नल ओळखा. आमच्या गावात सिग्नल! यवतमाळला पाहिले असतील, तेही एसटीच्या खिडकीतून. सलोनीने ओळखले. म्हणजे ती माणूस ठरली. माझं काही विचारलं नाही.

नंबर ह्यांच्या मोबाईलचा दिला. घरात मोबाईल एकच. एका घराला एक चूल, एक मोबाईल— हा नियम माझाच.

५ जुलै, शनिवार

पासवर्ड मजबूत झाला तरी मशीन आत घेत नाही. दर वेळी विचारते, तुम्ही तेच कशावरून? मग ह्यांच्या मोबाईलवर सहा आकड्यांचा ओटीपी येतो. तो तीन मिनिटांत संगणकावर टाकायचा. टाकला तर तुम्ही तुम्ही. नाहीतर कोणी नाही.

आता आमच्या गावाची रचना अशी— संगणक खाली पंचायतीत. मोबाईलची रेंज वर, मारोतीच्या टेकडीवर. मध्ये चिखलाची वाट आणि त्र्याऐंशी पायऱ्या. चढायला पंधरा मिनिटं. तीन मिनिटांत फक्त मारोतीच खाली येऊ शकतो.

म्हणून असं ठरलं की हे वर मोबाईल घेऊन उभे राहतील, आकडे ओरडतील. पायथ्याशी हंसाबाई आपल्या अंगणातून ते पंचायतीकडे ओरडेल. हंसाबाई आमच्या बचत गटाची अध्यक्ष, आवाज अध्यक्षाचाच आहे. मी सचिव, म्हणून पंचायतीच्या खिडकीत.

"आला का?"

"नाई आला!"

पुन्हा मागवला. "आला का?" "नाई!" तिसऱ्यांदा— "कायचाच नाई!"

तीनदा झालं की मशीन चोवीस तास रुसते. आम्ही घरी.

संध्याकाळी म्हटलं, पुढच्या वेळी मोबाईल मला द्या, मी चढते. तर हे म्हणाले, "तू कायले चढतं? गुडघे दुखतेत तुये."

चोवीस वर्षांत माझ्या गुडघ्यांची आठवण ह्यांना आजच झाली!

६ जुलै, रविवार

एकादशी. निर्जळ नाही, साबुदाणा घेतला. उद्याच्या वरणासाठी तुरीची डाळ काढून ठेवा म्हटलं तर ह्यांनी हरभऱ्याची काढून ठेवली. सात एकर तूर पेरणारा माणूस! लक्ष कुठे आहे ह्यांचं?

८ जुलै, मंगळवार

लक्ष कुठे आहे ते कळलं.

हे आंघोळीला गेले तेव्हा मोबाईल पाहिला. शनिवारचे तीन संदेश. चार वाजून बारा, चार वाजून वीस, चार एकतीस. आले होते! तिन्हीच्या तिन्ही!

टेकडीवर गेलं की दिग्रसहून नणंदेचा फोन येतो आहे महिनाभर. जिनिंगमधल्या मुनीमाचा मुलगा आहे, एकुलता आहे, पोरीले यवतमाळले कायले धाडता. हे तेव्हा 'हं, हं' म्हणतात. परवा मला म्हणाले, "वणीले बी.ए. केलं तं काय वाईट हाय? पोट्टी रोज संध्याकाळी घरी राहीन." मी हसले होते. आता नाही हसू येत.

सलोनीला बारावीत नर्सिंगपुरते गुण आहेत. मला मॅट्रिकला बासष्ट टक्के होते. माझ्या वडिलांनीही 'नाही' म्हटलं नव्हतं. फारमच आणला नव्हता. न म्हणता नाही म्हणायची ही रीत मला ठाऊक आहे.

बोलले काही नाही. हिशेबाच्या वहीत लिहिते तसं इथे लिहून ठेवते— तीन आले, तीन दडवले.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. देवळाची किल्ली आपल्या घरी असते, झाडलोट माझी. आज ह्यांना म्हटलं, देवाचा फोटो काढायचा आहे, मोबाईल द्या. दिला बिचाऱ्यांनी लगेच. (फोटो खरंच काढला. आधी काढला, मग बाकीचं. म्हणजे खोटं नाही.)

सलोनी खाली पंचायतीत. मी वर. ठरल्या वेळी ओटीपी आला. पायरीवर येऊन हंसाबाईला हाका मारल्या तर ती अंगणात नाही! नंतर कळलं, शेंगा फोडायला जावेकडे गेलती. एक मिनिट गेलं. वळून पाहिलं तर भजनासाठी माईक मांडलेला. लाल दिवा चालू.

मारोतीला हात जोडले, म्हटलं— एकदाच, राया. आणि भोंग्यावरून म्हटलं, "सलोनी, लिहून घे गं. नऊ. चार. चार. शून्य. दोन. सात."

भोंग्याची तोंडं चारी दिशांना. नाल्यापलीकडच्या वावरातली बैलंसुद्धा थांबली असतील. खात्याचं दार उघडलं!

खाली उतरताना संदेश पुन्हा वाचला. आकड्यांच्या पुढे बारीक अक्षरात— 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका.' कोणालाही म्हणजे कोणाला एकट्याला, असं असेल. मी तर सगळ्यांना सांगितला.

हंसाबाई वाटेत भेटली. "विमलबाई, कोन्या लाटरीचा नंबर फोडला वं? म्या बी लिहून घेतला."

अकरा जास्तीच्या प्रदक्षिणा घातल्या. चुकलंच असेल काही तर.

१४ जुलै, सोमवार

आता सगळं गाव येतं. कोणाचा पीकविमा, कोणाची पेन्शन, कोणाची गॅसची सबसिडी. सगळ्यांचे मोबाईल चार वाजता देवळाच्या ओट्यावर रांगेत मांडून ठेवायचे. खाली धर्मपाल बसतो. मोबाईल किणकिणला की भोंग्यावर नाव आणि आकडे.

आज हजराबी आली. रहमतभाईंची बायको, आमच्या दोन घरं पलीकडे. ओट्याखाली चपला काढून उभी. "ताई, हमारा बी बोलोगे क्या? तुमच्या मारोतीले चालन का?" म्हटलं, मारोतीला काय, तो रामाचा निरोप्या. निरोप पोचवणं हेच त्याचं काम. "फिर तो अपना ही आदमी हुआ," म्हणाली. रहमतभाई मेकॅनिक. ते मागाहून आले आणि त्यांनी भोंग्याची घरघर दुरुस्त करून दिली, पैसे घेतले नाहीत. मी गूळ-शेंगदाणे दिले. तेवढं पुरे.

१७ जुलै, गुरुवार

नियम करावे लागले. कालची फजिती!

हंसाबाईने पाळी केली आणि डोमाजींचा संदेश पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला— "आपल्या वधू-वर सूचक खात्यासाठी..." डोमाजी बासष्ट वर्षांचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. खाली पानठेल्यावर बसलेले. सगळं गाव त्यांच्याकडे पाहायला लागलं. "अबे, पुतण्यासाठी होतं!" पुतण्याचं लग्न मागच्या वैशाखात झालं, मी स्वतः अक्षता टाकल्या.

तर नियम, हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून देवळात लावले. फक्त आकडे वाचायचे. दुपारी चार ते पाच. रोज एका घराची पाळी. आणि वाचणाऱ्याने आधी मारोतीसमोर हात जोडून म्हणायचं— आला तो वाचीन, खरा तो वाचीन.

धर्मपाल म्हणतो, "काकू, कोणी कोणाचा ओटीपी चोरला तं?" चोरेल कोण? हंसाबाईचा आकडा डोमाजींनी वापरला तर ते हंसाबाई झाले, हे भर चौकात सगळ्यांना कळेल. लपवायचं असतं ते चोरीला जातं.

आमच्या घरची पाळी शनिवारी. मीच करते. ह्यांच्यावर भरवसा नाही.

१९ जुलै, शनिवार

एक चांगली गोष्ट लिहायची राहिली. हे दिवस कलला की मोटारसायकल बाहेर काढत नाहीत, पायीच जातात. पेट्रोल वाचतं. माझ्या सांगण्याचा एवढा तरी परिणाम.

बाकी वागणं तेच. रोज रात्री जेवण झालं की सलोनीला पेपर देतात, "वाच वं, कापसाचा भाव काय हाय, सोयाबीनचा काय हाय." ती वाचते, हे डोळे मिटून ऐकतात. पोरीचा अभ्यासाचा वेळ जातो. म्हटलं, स्वतः वाचा ना. म्हणाले, "तिले सवय लागू दे." बाजारभाव वाचायची सवय मुनीमाच्या घरी लागते, दवाखान्यात नाही.

२२ जुलै, मंगळवार

हे दिग्रसला गेले. पहाटेच्या गाडीने, यवतमाळहून बदलून. बहिणीकडे. काम काय, तर "असंच".

२३ जुलै, बुधवार

आले. चहा घेतला. बसून राहिले. विचारलं, काय म्हणतात दिग्रसचे? "बरे हायत." अजून? "उशीर नका करू म्हणतेत."

कशाचा उशीर ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि मला श्रावणाच्या तोंडावर भांडण नको. आजपासून बोलणं कामापुरतं ठेवणार आहे. मीठ, पाणी, किल्ली.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. देवळात पोथी लागली. वीस वर्षं पोथी हे वाचतात. गावात अधिकारी कोणीही असो, श्रावणात देवळात मान ह्यांचा. यंदा म्हणाले, घसा बसला. डोमाजींना बसवलं. डोमाजी वाचतात ते देवालाच समजो.

घसा बसलेला माणूस सकाळी बैलावर केवढ्याने ओरडला! देवाशीसुद्धा रुसले की काय? ज्याच्या मनात खोट असते त्याला पोथीपुढे बसवत नाही, असं वाटून गेलं. लिहायला नको होतं. लिहिलं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आज चिरायचं-कापायचं नाही, म्हणून उकडलेलं.

सलोनीच्या खात्यात सूचना आली. कॉलेजांची यादी भरून झाली आहे, पहिलं यवतमाळ. पण ती यादी पक्की करून कुलूप लावावं लागतं. शनिवार, २ ऑगस्ट, संध्याकाळी पाचच्या आत. नाही लावलं तर फारम बाद, वर्ष बाद. आणि कुलूप शुक्रवारच्या आधी लागत नाही, आणि शुक्रवारी वेबसाइट बंद, दुरुस्तीसाठी. म्हणजे शनिवारच.

कुलपाला काय लागतं? ओटीपी. कोणाच्या मोबाईलवर? ह्यांच्या.

३१ जुलै, गुरुवार

आणि आता हे! सरपंचांना पत्र आलं. शनिवारीच दुपारी साडेतीनला जिल्ह्यावरून साहेब येणार. 'माझी ओळख, माझी सुरक्षा' असं काही अभियान आहे. गावाला प्रमाणपत्र, आणि बचत गटाच्या सचिवाचा सत्कार, कारण आमच्या गावात या महिन्यात सगळ्यांत जास्त ऑनलाइन कामं झाली. कशी झाली ते पत्रात नाही.

सचिव म्हणजे मी. सत्कार पंचायतीत. मी खाली अडकणार, आणि शनिवारची पाळी आमच्या घरची. हंसाबाईकडून पाळी बदलून घ्यावी म्हटलं तर ती अध्यक्ष, तिलाही साहेबांशेजारी बसायचं आहे. नवीन लुगडं घेतलं तिने.

खूप विचार केला. मग वाटलं, जाऊ देत ह्यांनाच. घरात खोटं बोलतील, हंसाबाईच्या अंगणाकडे तोंड करून खोटं बोलतील. मारोतीपुढे हात जोडून, 'खरा तो वाचीन' म्हणून, मग कसे बोलतील? मी ठेवलेला नियम कामी येईल. ह्यांची परीक्षाच आहे ही.

रात्री सांगितलं, परवा पाळी तुम्ही करा. एकदम म्हणाले, "मी?" मग— "बरं."

२ ऑगस्ट, शनिवार

क्रमाने लिहिते.

साडेतीनचे साहेब चारला आले. हार-तुरे झाले. खोलीच्या एका कोपऱ्यात सलोनी आणि धर्मपाल संगणकापुढे. साहेब बोलायला उभे राहिले. "माता-भगिनींनो, ओटीपी म्हणजे तुमच्या घराची किल्ली. ती शेजाऱ्याला देता का? नवऱ्यालासुद्धा सांगू नका!" बायका हसल्या. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला, "अशा सजग महिलांमुळे—"

आणि भोंगा बोलला.

आधी खाकरणं. मग ह्यांचा आवाज, "बोला मारोती महाराज की जय. सलोनी, लिहून घे. आठ. आठ. शून्य. आठ. एक. आठ."

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. सरपंच म्हणाले, "देवळात... नामजप चालू आहे, साहेब." साहेबांनी विचारलं, आकड्यांचा? "आमच्या भागात असतो."

धर्मपाल कोपऱ्यातून— "चुकीचा दाखवते."

पुन्हा मागवला. साडेचार होत आलेले. पुन्हा भोंगा. आवाज बारीक झालेला, मध्ये थांबत थांबत. "आठ... शून्य... आठ... आठ... आठ... चार."

"चुकीचा!" धर्मपाल उभाच राहिला. "काकू, काका आठच आठ काहून सांगून राह्यले?"

सगळी खोली हसली. हंसाबाईसुद्धा, नव्या लुगड्याचा पदर तोंडाला लावून. मला हसू नाही आलं. देवापुढे उभं राहून, माईक हातात घेऊन, सगळ्या गावादेखत थट्टा! आता एकच डाव उरला होता. तिसरा चुकला की मशीन चोवीस तास रुसणार, आणि पाचला सगळंच संपणार. सलोनीचा चेहरा पांढरा. तिला म्हटलं, मी वर पोचेपर्यंत बटण दाबू नको. पंधरा मिनिटं मोज, मग दाब.

गळ्यातला हार साहेबांच्या खुर्चीवर ठेवला आणि निघाले. चिखल. त्र्याऐंशी पायऱ्या. गुडघ्याने जीव काढला. एकेका पायरीला मारोतीचं नाव घेतलं, मजबूतवालं.

वर गेले तर हे ओट्यावर नव्हते. गाभाऱ्यात, समईच्या पुढ्यात बसलेले, मोबाईल नाकाला लावून. एका डोळ्यावर हात. मी हातातून मोबाईल ओढून घेतला. "लाज नाही वाटत, देवापुढे?"— असं म्हणाले मी. चोवीस वर्षांत पहिल्यांदा असं. हे एवढंच म्हणाले, "दिसलं ते वाचलं."

मोबाईल किणकिणला. मी माईक घेतला. "सलोनी! पाच. सहा. शून्य. नऊ. तीन. सहा." पुन्हा एकदा सावकाश म्हटलं.

मग वाट पाहिली. पाचला सात मिनिटं होती. खाली पंचायतीच्या दारातून सलोनी बाहेर आली. ओढणी डोक्यावर धरून गरागरा फिरवली. लागलं कुलूप!

मी ओट्यावरच बसले. रडले. हे खांबाला टेकून उभे. मी वळूनही पाहिलं नाही.

तेवढ्यात डोमाजी धापा टाकत वर. हातात भारीतला मोबाईल. "विमलबाई, साहेबाचा हाय! त्याईची हजेरी बी ओटीपीनं लागते, पाचच्या आत, नाई तं आजचा पगार कटते. खाली रेंज नाई म्हन्ते." घेतला. साहेबांचा ओटीपी भोंग्यावरून वाचला, त्यांच्या पदासकट. नियमात नव्हतं, पण वाचलं. साहेब खाली सगळ्यांच्या देखत लिहून घेत होते म्हणे.

प्रमाणपत्र मिळालं. 'ओळख-सुरक्षित गाव.' देवळातच लावलं, नियमांच्या खाली.

३ ऑगस्ट, रविवार

अबोला. मीठही हाताने घेतात.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. नणंद आली नाही, टपालाने आली राखी.

आणि दुपारी वर देवळात संदेश— लागला नंबर! यवतमाळ! 'प्रिय रामराव, आपली नर्सिंग अभ्यासक्रमासाठी निवड झाली आहे.' मशीनच्या लेखी नर्स हेच होणार. ह्यांनी मोबाईल सलोनीच्या हातात दिला, "वाच." तिने वाचलं. "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाय, लेका. मोठी होय." आता कशाला नाटक, असं मनात आलं. शिरा केला, साखर जास्त घातली. ह्यांना वाढला. बोलले नाही.

सोमवारी, १८ तारखेला सलोनी निघेल.

१३ ऑगस्ट, बुधवार

धुवायला ह्यांचा सदरा घेतला. खिशात घडी केलेली चिठ्ठी, इंग्रजीत. सलोनीने वाचली, पुन्हा वाचली. दिग्रस, डोळ्यांचा दवाखाना, २२ जुलै. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. ऑपरेशनला उशीर करू नये.

तिन्हीसांजेला टेकडीवर गेले. दिवा लागायचा होता. हे वरच्या पायरीवर बसलेले. मी खालून चढत होते, तोंडातून शब्द काढला नव्हता. तर वरूनच म्हणाले, "विमल, जपून. इथली पायरी हालते."

म्हटलं, अंधारात ओळखलं कसं?

"चाल तुही. डावा गुडघा धरून चढतं तू."

कधीपासून आहे हे? "दिवाळीपासून. सहा, आठ, तीन, सारेच सारखे दिसतेत." मग सांगितलं काहून नाही? "पोथी सुटली असती." जरा थांबून म्हणाले, "आन् तू तं बोलतच नव्हती."

घरी येऊन ही वही काढली. ८ जुलैचं, 'तीन दडवले'चं पान खोडणार होते. नाही खोडलं. सलोनी गेली की रात्रीचं वाचणं माझ्याकडे. पेपर नंतर. आधी हेच पान ह्यांना वाचून दाखवायचं आहे.